शनिवारची तार, गुरुवारचा राजीनामा: एडविन माँटेग्यू यांचं प्रकरण

४ मार्च १९२२, शनिवार. लंडनच्या इंडिया ऑफिसातून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना परवानगी गेली: तुम्ही पाठवलेली तार छापायला हरकत नाही. परवानगी देणारे होते भारतमंत्री एडविन सॅम्युएल माँटेग्यू. मंत्रिमंडळातल्या एकाही सहकाऱ्याला त्यांनी विचारलं नव्हतं. बुधवारी ती तार वर्तमानपत्रांत आली आणि गुरुवारी, ९ मार्चला, माँटेग्यूंचं मंत्रिपद गेलं. ते पुन्हा कधीच मंत्री झाले नाहीत. वय तेव्हा ४३.

शाळेच्या इतिहासात हे नाव आपल्याला जोडीनं भेटतं. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, किंवा दोन्ही नावं एकत्र करून माँटफर्ड. १९१९ चा कायदा, द्विदल राज्यपद्धती, सोपीव खाती नि राखीव खाती, पाच गुणांची टीप, संपलं. त्या टिपेत मावलेला हा माणूस मला मात्र सोडवत नाही. ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्यांतल्या कुणालाही त्यांना मत देता येत नव्हतं. आणि ज्यांच्या मतांवर त्यांचं मंत्रिपद टिकून होतं, त्यांना ते जे बोलत होते ते ऐकायचंच नव्हतं. शनिवारच्या त्या तारेत चूक कुणाची होती, हे तपासायचं तर हा पेच आधी बघावा लागतो.

जन्म ६ फेब्रुवारी १८७९, लंडन. वडील सॅम्युएल माँटेग्यू मोठे बँकर, पुढे लॉर्ड स्वेदलिंग झाले. घरात ज्यू धर्माचं पालन कडक. एडविन केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात शिकले, तिथल्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. १९०६ च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाची लाट आली, तिच्यात ते केंब्रिजजवळच्या शेतकरी मतदारसंघातून निवडून आले. उदारमतवादी नेते अ‍ॅस्क्विथ यांचे खासगी सचिव म्हणून सुरुवात, आणि १९१० ते १९१४ या काळात इंडिया ऑफिसात उपमंत्री. ही तारीख मराठी वाचकानं जरा थांबून पाहावी. लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते, आणि कॉमन्स सभेत भारताच्या कारभारावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला हा तिशीतला तरुण उभा राहत होता. १९१२-१३ च्या हिवाळ्यात तो भारत बघूनही गेला. बहुतेक ब्रिटिश मंत्र्यांसाठी इंडिया ऑफिस ही पुढच्या खात्याकडे जाणारी पायरी असायची. माँटेग्यूंनी मात्र तिथूनच भारताचं वेड घेतलं.

मधली वर्षं भराभर सांगतो. अर्थखात्यात सचिव, १९१५ मध्ये मंत्रिमंडळात प्रवेश, १९१६ मध्ये दारूगोळा खातं. १९१५ च्या जुलैत त्यांनी व्हेनिशिया स्टॅनली यांच्याशी लग्न केलं. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ या बाईंना रोज पत्रं लिहीत, अगदी मंत्रिमंडळाची बैठक चालू असतानासुद्धा. लग्नाची बातमी त्यांच्या जिव्हारी लागली. डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांचं सरकार पडलं तेव्हा माँटेग्यू त्यांच्याबरोबर बाहेर पडले. सात महिन्यांनी मात्र नवे पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांच्या सरकारात परत आले. जुन्या गोटानं त्यांना फितूर ठरवलं, नव्या गोटानं कधी आपलं मानलं नाही. १९२२ च्या मार्चमध्ये त्यांच्या बाजूनं उभं राहायला कुणी का नव्हतं, याचं एक उत्तर इथं आहे.

आता १९१७ चा जुलै. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेत भारत सरकारनं सैन्याची जी दैना केली, तिच्यावर चौकशी आयोगाचा अहवाल आला होता. १२ जुलैला माँटेग्यू कॉमन्समध्ये बोलायला उठले. हे सरकार लाकडासारखं ताठर, लोखंडासारखं कठीण, प्रलयापूर्वीच्या काळातलं आहे, आजच्या कामाला ते उपयोगाचं नाही, असं त्यांनी बजावलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी त्याच अहवालावरून राजीनामा दिला होता. आठवड्याच्या आत त्यांची खुर्ची माँटेग्यूंना मिळाली. ज्या यंत्रणेला त्यांनी भर सभेत नालायक म्हटलं, तीच यंत्रणा त्यांच्या हाताखाली आली. दिल्ली-सिमल्याच्या अधिकाऱ्यांनी ते भाषण वाचलं होतं आणि ते विसरणार नव्हते.

महिन्याभरात, २० ऑगस्टला, त्यांनी कॉमन्समध्ये ती प्रसिद्ध घोषणा केली: कारभाराच्या प्रत्येक शाखेत भारतीयांना वाढता वाटा, आणि साम्राज्याचा भाग राहूनच जबाबदार राज्यपद्धतीकडे क्रमाक्रमानं वाटचाल. माँटेग्यूंना ‘स्वराज्य’ या अर्थाचा शब्द हवा होता. ‘जबाबदार राज्यपद्धती’ हे शब्द लॉर्ड कर्झन यांनी घातले. बंगालच्या फाळणीचे तेच कर्झन. त्यांना स्वराज्य हा शब्द टाळायचा होता, पण त्याच्या जागी त्यांनी जो आणून ठेवला तो जास्त अडचणीचा निघाला, कारण जबाबदार मंत्री म्हणजे निवडून आलेल्या सभेला जाब देणारा मंत्री. शब्द नीट न पारखता सही झाली आणि सारं साम्राज्य त्या शब्दाला बांधलं गेलं.

त्याच ऑगस्टमध्ये माँटेग्यू आणखी एक लढाई लढत होते. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारण्याच्या प्रस्तावाला मंत्रिमंडळातल्या या एकमेव ज्यू मंत्र्यानं कडवा विरोध केला. त्यांचा मुद्दा मला फार बोलका वाटतो: तुमचं खरं घर दुसरीकडे आहे असं सरकारनंच जाहीर केलं, तर ब्रिटनच्या वतीनं भारतीयांशी बोलणी करायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? ते हरले. २ नोव्हेंबरला बाल्फोर घोषणा झाली तेव्हा ते भारताच्या वाटेवर बोटीत होते.

भारतमंत्र्यानं पदावर असताना भारतात येणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये माँटेग्यू मुंबईला उतरले आणि पुढचे काही महिने ते शिष्टमंडळं, निवेदनं, मानपत्रं यांत बुडून गेले. रोजनिशी लिहीत; त्यांच्यामागे ती पत्नीनं १९३० मध्ये प्रसिद्ध केली. दिल्लीत टिळक भेटायला आले. भारतात बहुधा सर्वांत जास्त वजन असलेला आणि अतिशय जहाल पुढारी, अशी त्यांची नोंद आहे. टिळकांचा दिल्लीपर्यंतचा प्रवास म्हणजे विजययात्राच झाली, हेही त्यांनी लिहून ठेवलं. गांधी त्यांना हमालासारखे कपडे घालणारे, जवळजवळ हवेवर जगणारे स्वप्नाळू वाटले. जिना वादात इतके तरबेज की व्हाइसरॉय चेम्सफर्ड त्यांच्याशी बोलता बोलता गाठीत अडकले. असल्या माणसाला स्वतःच्या देशाचा कारभार करायची संधी नसावी हा घोर अन्याय आहे, असं माँटेग्यू लिहितात. गांधींना त्यांनी ओळखलं नाही, हे उघड आहे. पण समोर आलेला माणूस आपल्या बरोबरीचा आहे, त्याला राज्य करता येईल, या नजरेनं ते बघत होते. त्या काळच्या किती इंग्रज मंत्र्यांबद्दल एवढं म्हणता येईल?

अहवाल जुलै १९१८ मध्ये आला. टिळकांनी त्याला सूर्याविना उजाडलेली पहाट म्हटलं, आणि ते खरंच होतं. प्रांतांत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, अबकारी अशी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवायची. पोलीस, न्याय, जमीनमहसूल नि मुख्य म्हणजे खजिना गव्हर्नरच्या हाती राखून ठेवायचा. घर चालवायला दिलं, पण कोठाराची किल्ली सासूच्या कमरेला. तरीही टिळकांनी १९१९ मध्ये लंडनला संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली, आणि वर्षअखेरीच्या अमृतसर काँग्रेसमध्ये जेवढ्यास तेवढं सहकार्य करायचा पवित्रा त्यांनी घेतला. जे मिळेल ते घ्यायचं आणि उरलेल्यासाठी भांडायचं.

या सुधारणांना फुसक्या म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण आपल्या घरातलंच आहे. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत सिडनेहॅम कॉलेजच्या एका तरुण प्राध्यापकानं साक्ष दिली. ते होते भीमराव आंबेडकर. अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी हवेत, हा दावा त्यांनी तिथं सरकारी दप्तरात नोंदवला. नव्या कायद्यानं मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या. शिक्षणमंत्री झाले दापोलीजवळच्या मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे. आणि याच कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाड नगरपालिकेनं तो ठराव स्वीकारला, पण प्रत्यक्षात काही घडलं नाही. म्हणूनच २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावं लागलं. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं श्रेय माँटेग्यूंना देणं हास्यास्पद होईल. पण ज्या सभेत तो ठराव झाला, ती सभा त्यांच्या कायद्यानं आली होती.

इकडे पंजाबात १३ एप्रिल १९१९ घडून गेला. जालियनवाला बागेत १,६५० फैरी. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ मृत. हंटर समितीच्या अहवालानंतर जनरल डायरला पदावरून दूर करण्यात आलं, आणि ८ जुलै १९२० रोजी कॉमन्समध्ये त्यावर चर्चा झाली. रिवाजाप्रमाणे चर्चा भारतमंत्र्याच्या पगारावरच्या मागणीवर होती. डायरच्या बाजूनं एडवर्ड कार्सन उभे होते आणि त्यांच्या पाठीशी सरकारच्या आघाडीतल्याच हुजूर पक्षाचे बाक.

त्या दिवशीचं माँटेग्यूंचं भाषण वाचताना मला दर वेळी धडधडतं. ते सफाई देत नाहीत, तोल सांभाळत नाहीत, थेट प्रश्न टाकतात: भारत तुम्ही दहशतीवर, वांशिक मानहानीवर आणि क्रौर्यावर टिकवणार आहात, की तिथल्या लोकांच्या सदिच्छेवर? अमृतसरच्या गल्लीत माणसांना पोटावर सरपटायला लावणारा हुकूम, इंग्रज अधिकारी दिसला की सलाम ठोकण्याची सक्ती, अपराधी-निरपराधी न बघता वेचून काढलेल्या शाळकरी पोरांना फटके. एकेक गोष्ट ते पुढे ठेवतात आणि विचारतात, याला दुसरं नाव काय? सभागृहात गलका वाढत गेला तसा त्यांचा आवाज चढत गेला. जितका आवाज चढला तितका समोरचा राग. ऑस्टिन चेंबरलेन तेव्हा सरकारातच होते. एक ज्यू, एक परका, एका इंग्रजावर उलटला आहे आणि त्याला लांडग्यांपुढे फेकतो आहे, अशी सभागृहाची भावना झाल्याचं त्यांनी पत्रात लिहिलं. भाषणातला शब्द न् शब्द खरा होता, पण उच्चारणारं तोंड त्यांना नको होतं.

सरकारची बाजू सावरली ती विन्स्टन चर्चिल यांनी, थंड डोक्यानं, ‘असली कृत्यं म्हणजे ब्रिटिश रीत नव्हे’ या मुद्द्यावर. माँटेग्यू भारतीयांच्या मानाबद्दल बोलत होते. चर्चिल इंग्रजांच्या मानाबद्दल बोलले आणि सभा शांत झाली. कार्सन यांची कपातसूचना २३० विरुद्ध १२९ मतांनी फेटाळली गेली. सरकार जिंकलं खरं, पण ते १२९ बहुतेक सरकारच्याच बाजूच्या बाकांवरचे होते. दोन आठवड्यांच्या आत लॉर्ड्स सभेनं डायरच्या बाजूनं ठराव केला, आणि मॉर्निंग पोस्ट या वर्तमानपत्रानं त्याच्यासाठी २६,००० पौंडांवर निधी जमवला. माझं वाचन असं आहे की माँटेग्यूंचा राजीनामा खरा ठरला तो या दिवशी; पुढचे वीस महिने फक्त निमित्ताची वाट होती.

निमित्त आलं तुर्कस्तानातून. जानेवारी १९१८ मध्ये लॉईड जॉर्ज यांनी जाहीर शब्द दिला होता की तुर्कांची राजधानी आणि आशिया मायनर व थ्रेस इथले तुर्कबहुल प्रदेश हिरावून घेण्यासाठी आम्ही लढत नाही. भारतातले मुसलमान सैनिक तुर्कांविरुद्ध लढत होते, त्यांच्यासाठी हा शब्द मोलाचा होता. युद्ध संपलं आणि शब्द विरला. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरात उतरलं. ऑगस्ट १९२० च्या सेव्हरच्या तहानं थ्रेसही ग्रीसकडे गेला. पॅरिसच्या शांतता परिषदेत माँटेग्यू भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा त्यांच्यासोबत. आगाखानांना घेऊन ते ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका नि इटली या चार बड्यांच्या नेत्यांपुढे गेले, विनवण्या केल्या, टिपणांवर टिपणं लिहिली. लॉईड जॉर्ज ग्रीकांच्या प्रेमात होते. त्यांनी ऐकलं नाही.

तुर्की सुलतानाचं खलिफापद राखण्यासाठी भारतात खिलाफत चळवळ पेटली. तिची मध्यवर्ती कमिटी मुंबईत होती. १ ऑगस्ट १९२० ला असहकार सुरू झाला. त्याच पहाटे सरदारगृहात टिळक गेले. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा झालं आणि गांधींनी आंदोलन थांबवलं. रीडिंग यांच्यापुढे दोन कामं होती: गांधींना अटक करायची, आणि त्याच वेळी मुसलमानांना दाखवायचं की तुमच्या दुःखाची सरकारला जाण आहे. म्हणून ती तार. तिच्यात तीन मागण्या होत्या: दोस्त सैन्यानं कॉन्स्टँटिनोपल सोडावं, पवित्र स्थळांवर सुलतानाचं अधिराज्य असावं, आणि थ्रेस व स्मर्ना तुर्कांना परत मिळावेत. आणि ही तार जाहीर करायची परवानगी द्यावी.

आता चूक तपासू. माँटेग्यूंचा बचाव असा होता की सेव्हरच्या तहावर भारताच्या वतीनंही सही आहे. ज्याची सही त्याला आपलं मत सांगायचा हक्क आहे. हा मुद्दा भक्कम आहे. पण तो मंत्रिमंडळात मांडायचा मुद्दा होता. परराष्ट्रमंत्री कर्झन तुर्की प्रश्नावरच्या वाटाघाटींसाठी त्याच महिन्यात पॅरिसला निघणार होते. त्यांच्याच सरकारचा एक भाग तुर्कांच्या मागण्या जगजाहीर मान्य करतो आहे, हे छापून आल्यावर त्यांनी तिथं कुठल्या बळावर बोलायचं? सोमवारी मंत्रिमंडळाची बैठक होती. शनिवारचा सोमवार करणं माँटेग्यूंना शक्य होतं. त्यांनी केला नाही, आणि ही चूक होती असंच मी म्हणेन. सोमवारी कर्झनना कळलं तोवर तार थांबवायची वेळ गेली होती.

का केला नाही? मला वाटतं त्यांना उत्तर ठाऊक होतं. तीन वर्षं त्यांनी सगळं रीतीनं मांडलं होतं आणि तीन वर्षं ते बाजूला सारलं गेलं होतं. सोमवारी विचारलं असतं तर नकारच आला असता, आणि मग छापणं म्हणजे उघड बंड ठरलं असतं. न विचारता छापणं ही थकलेल्या, कोंडीत सापडलेल्या माणसाची वाट होती.

लॉईड जॉर्ज यांनी राजीनामा मागितला तो मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचा भंग झाला म्हणून. शनिवारी ११ मार्चला माँटेग्यू केंब्रिजच्या उदारमतवादी क्लबात बोलले आणि तिथं त्यांनी मनातलं सगळं ओतलं: ज्या पंतप्रधानांच्या कारकिर्दीत सामुदायिक जबाबदारी हे तत्त्वच नाहीसं झालं, त्यांनी हा आरोप माझ्यावर करावा? यातही तथ्य होतं. ग्रीकांना स्मर्नात उतरवताना लॉईड जॉर्ज यांनी भारतमंत्र्याचं ऐकलं नव्हतं. फरक इतकाच की पंतप्रधानांच्या पाठीशी अजून बहुमत होतं. १९१८ च्या निवडणुकीनंतर त्या बहुमतात हुजूर पक्षाचे तीनशेहून जास्त खासदार होते आणि लॉईड जॉर्ज यांच्या उदारमतवाद्यांचे दीडशेसुद्धा नव्हते. लॉईड जॉर्ज यांना टिकायचं तर १२९ जणांच्या त्या रागाला कधी ना कधी काहीतरी द्यावंच लागणार होतं. राजीनाम्याची बातमी कॉमन्समध्ये जाहीर झाली तेव्हा हुजूर पक्षाच्या बाकांवरून आनंदाचे गजर झाले. दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, साबरमती आश्रमात गांधींना अटक झाली.

त्याच शरद ऋतूत तुर्की सैन्यानं ग्रीकांना समुद्रात लोटलं, डार्डनेल्स सामुद्रधुनीवरच्या चनाकला ब्रिटन तुर्कांशी युद्धाच्या तोंडाशी आलं, आणि १९ ऑक्टोबरला हुजूर पक्षानं लॉईड जॉर्ज यांनाही सोडलं. १५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत माँटेग्यू आपल्या मतदारसंघात हरले. २४ जुलै १९२३ ला लोझानचा तह झाला. त्यानं स्मर्ना आणि पूर्व थ्रेस तुर्कांना परत मिळाले, आणि दोस्त सैन्यानं कॉन्स्टँटिनोपल सोडलं. त्या तारेतल्या तीन मागण्यांपैकी दोन जवळजवळ जशाच्या तशा. तिसरीचा आधार असलेली खिलाफत तुर्कांनी स्वतःच मार्च १९२४ मध्ये मोडीत काढली.

माँटेग्यू १५ नोव्हेंबर १९२४ रोजी लंडनला वारले. ४५ वर्षांचे होते, आणि मुलगी पावणेदोन वर्षांची.